पाठवले, पण पोचले का?

'मेल तर कालच गेलाय, साहेब.'
'अहो, पण माझ्याकडे आलेला नाही.'
'स्पॅममध्ये बघितलंत का?'

हा संवाद आता इतका रोजचा झाला आहे, की त्यात काही विचित्र आहे असे कोणाला वाटेनासेच झाले आहे. रक्ततपासणीचा अहवाल असो, महाविद्यालयाच्या प्रवेशाचे पत्र असो, गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेची सूचना असो वा नोकरीच्या मुलाखतीचे बोलावणे असो. पाठवणारा छातीठोकपणे सांगतो की पाठवले, आणि ज्याला मिळायचे तो तितक्याच छातीठोकपणे सांगतो की मिळाले नाही. गंमत अशी, की दोघेही खरेच बोलत असतात. मुलाखतीची तारीख उलटून गेल्यावर ते पत्र स्पॅमच्या कप्प्यात, लॉटरीच्या आणि कर्जाच्या आमिषांच्या गर्दीत सापडते, तेव्हा मात्र ही गंमत राहत नाही.

टपालखात्याच्या राज्यात महत्त्वाचे पत्र रजिस्टर ए. डी.ने जात असे. सहीचे कार्ड परत आले की पाठवणाऱ्याचा जीव भांड्यात पडे. रजिस्टर टपाल ही स्वतंत्र सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली. पण 'पोच मिळाली का?' हा प्रश्न काही आपल्या मनातून गेलेला नाही. ई-मेलच्या बाबतीत या प्रश्नाचे सरळ उत्तर मिळत नाही, आणि तिथूनच सगळा घोळ सुरू होतो.

आपल्या संस्थेचे मेल लोकांच्या इनबॉक्समध्ये नेमके पडावेत यासाठी कोणती सेवा घ्यावी, हा प्रश्न आता फक्त बड्या कंपन्यांच्या संगणक विभागापुरता उरलेला नाही. पाचशे सभासदांचे वाचनालय, तालुक्याच्या गावची पतसंस्था, माजी विद्यार्थ्यांचा संघ, घरचा दिवाळी फराळ परदेशी धाडणाऱ्या एखाद्या ताई, या सगळ्यांना तो कधी ना कधी पडतोच. मग कोणीतरी जाणकार भाचा किंवा शेजारी चार नावे सुचवतो, त्यातले सर्वांत स्वस्त निवडले जाते, आणि सहा महिन्यांनी पुन्हा 'स्पॅममध्ये बघा' सुरूच. असे का होते, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागेल.

सगळे एकमेकांच्या ओळखीचे

रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने १९७१ साली एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावरील माणसाला निरोप पाठवण्याची सोय केली आणि नाव व ठिकाण यांच्यामध्ये 'ॲट'चे चिन्ह बसवले. त्या वेळचे जाळे विद्यापीठे आणि संशोधन संस्था यांच्यापुरते होते. एखाद्या लहान गावात जसे सगळे एकमेकांना ओळखतात आणि दाराला कुलूप लावत नाहीत, तसाच तो कारभार. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी मेलच्या वाहतुकीचे नियम लेखी मांडले. 'एसएमटीपी' या नावाने ओळखले जाणारे ते नियम, काही सुधारणांसह, आजही चालू आहेत. त्यांत एकच गोष्ट नव्हती. पाठवणारा स्वतःला जो म्हणवतो, तोच तो आहे का, हे तपासण्याची व्यवस्था. पोस्टकार्डाच्या तळाशी कोणीही कोणाचेही नाव लिहू शकतो, तसेच हे.

गावात पहिला फेरीवाला मात्र त्याआधीच येऊन गेला होता. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीच्या गॅरी थ्युर्क यांनी आपल्या नव्या संगणकांची जाहिरात एकाच वेळी सुमारे चारशे जणांना धाडली. लोक चिडले, समज दिली गेली, प्रकरण मिटले. पण युक्ती सापडली ती सापडलीच.

पुढे जाळे सर्वांसाठी खुले झाले. आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्य ग्राहकांना इंटरनेट देण्यास सुरुवात केली. पुढच्याच वर्षी, ४ जुलै १९९६ रोजी, सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांची 'हॉटमेल' आली आणि ई-मेलचा पत्ता फुकट मिळू लागला. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून अमेरिकेतल्या लेकीचा मेल वाचणारी पिढी त्यातूनच घडली.

गाव वाढले की फेरीवालेही वाढणारच. पण इथे एक मोठा आर्थिक फरक होता. टपालात तिकिटाचा खर्च पाठवणारा करतो. त्यामुळे दहा लाख पत्रे पाठवण्याआधी तो दहा लाख वेळा विचार करतो. ई-मेलमध्ये पाठवणाऱ्याचा खर्च जवळपास शून्य, आणि निवडण्या-फेकण्याचे कष्ट घेणाऱ्याच्या माथी. लाखात एखादा जरी गळाला लागला तरी फायदाच. या उफराट्या हिशेबाने स्पॅमला जन्म दिला. अलीकडच्या वर्षांतही जगभरच्या मेलांपैकी जवळजवळ निम्मे मेल या वर्गात मोडतात, असे या क्षेत्रातल्या कंपन्यांचे हिशेब सांगतात.

त्यावर उपाय म्हणून पहारेकरी आले. १९९८ मध्ये लंडनमध्ये 'स्पॅमहाउस' ही संस्था सुरू झाली. ती स्पॅम पाठवणाऱ्या यंत्रांच्या याद्या ठेवू लागली, आणि त्या याद्या बघून मेल नाकारले जाऊ लागले. २००२ साली पॉल ग्रॅहम यांनी शब्दांच्या संभाव्यतेवरून स्पॅम ओळखण्याची पद्धत मांडली आणि तिचा मोठा प्रसार झाला. आज जीमेल, याहू, आउटलुक यांच्या दाराशी जी चाळणी बसली आहे, ती या सगळ्याची वंशज. कुलूप न लावणाऱ्या गावाचे रूपांतर प्रत्येक फाटकाशी वॉचमन असलेल्या शहरात झाले आहे.

वॉचमनने घेतले म्हणजे घरात आले नव्हे

या फाटकाशी नेमके काय घडते, ते पाहण्यासारखे आहे. पाठवणारे यंत्र घेणाऱ्या यंत्राशी बोलते. मी अमुक, तमुकासाठी पत्र आणले आहे. घेणारे यंत्र आकड्यांत उत्तर देते. '५५०' म्हणजे बहुधा असा कोणी इथे राहत नाही, किंवा तुम्हाला प्रवेश नाही. '४५०' म्हणजे आत्ता नको, थोड्या वेळाने या. आणि '२५०' म्हणजे ठीक, घेतले.

हे '२५०' कानी पडले, की पाठवणाऱ्याच्या वहीत 'पोचले' अशी नोंद होते. पण वॉचमनने पार्सल ठेवून घेतले म्हणजे ते तुमच्या दिवाणखान्यात आले असे नव्हे. घेतल्यानंतर ते इनबॉक्समध्ये ठेवायचे, जाहिरातींच्या कप्प्यात सरकवायचे की स्पॅममध्ये टाकायचे, हा निर्णय आत होतो आणि तो पाठवणाऱ्याला कळवला जात नाही. तेव्हा एखादी सेवा 'आमचे ९९ टक्के मेल पोचतात' अशी जाहिरात करते, तेव्हा पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की कुठपर्यंत? फाटकापर्यंत की घरापर्यंत? बहुतेक वेळा तो आकडा फाटकाचाच असतो.

'मग लोकांनी मेल उघडले की नाही, हे तर कळते ना?' असा प्रश्न इथे येतो. मेलमध्ये एक अदृश्य चित्र ठेवायचे आणि ते कधी मागवले गेले हे मोजायचे, अशी ती युक्ती. पण ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये खासगीपणाची नवी सोय आणली. तेव्हापासून, जे ती सोय वापरतात त्यांच्या वतीने ॲपलची यंत्रे हे चित्र आधीच आणून ठेवतात, मग माणसाने मेल उघडलेला असो वा नसो. म्हणजे तो आकडाही आता भरवशाचा राहिला नाही.

हुंडी वटते ती नावावर

मग या सेवा नेमके करतात काय? घरच्या जीमेल खात्यावरून दिवसाला साधारण पाचशेच जणांना मेल धाडता येतो. ते खाते गप्पांसाठी आहे, संस्थेच्या कारभारासाठी नाही. स्वतःचे यंत्र बसवून मेल पाठवावे, तर त्या अनोळखी यंत्राला फाटकाशी कोणी विचारत नाही. म्हणून मध्ये हे अडत्ये आले. अमेरिकेतली मेलचिंप २००१ पासून आहे. त्यानंतर सेंडग्रिड, मेलगन, पोस्टमार्क आणि २०११ मध्ये ॲमेझॉनची एसईएस ही सेवा आली. आपल्याकडे मुंबईची नेटकोर आणि चेन्नईच्या झोहोची झेप्टोमेल या सेवा याच व्यवसायात आहेत. तुम्ही मजकूर आणि पत्ते द्यायचे, त्यांनी आपल्या यंत्रांवरून ते रवाना करायचे.

जुन्या व्यापारी पेठेतली हुंडी आठवावी. हुंडी वटत असे ती कागदाच्या गुळगुळीतपणामुळे नव्हे, तर पेढीच्या पतीमुळे. मेलचेही तसेच आहे. फाटकावरचा पहारेकरी प्रथम मजकूर वाचत नाही. तो विचारतो, हे कोणाच्या यंत्रावरून आले? त्या यंत्राचा पूर्वीचा लौकिक कसा? 'ॲट'च्या चिन्हापुढे ज्याचे नाव आहे, त्याचा लौकिक कसा? याआधी त्याचे मेल लोकांनी वाचले, की वैतागून 'स्पॅम'चे बटण दाबले?

आता गोम लक्षात येईल. लहान ग्राहकांचे मेल या सेवा सामायिक यंत्रांवरून पाठवतात. त्याच यंत्रावरून तुमच्या वाचनालयाची सूचना जाते आणि त्याच यंत्रावरून दुसऱ्या कोणाची तरी सट्ट्याची जाहिरातही. शेजाऱ्याने पत घालवली की तुमचीही जाते. ऑगस्ट २०२० मध्ये ब्रायन क्रेब्स या पत्रकाराने लिहिले, की सेंडग्रिडच्या अनेक ग्राहकांची खाती भामट्यांच्या हाती लागली असून त्यांवरून फसवणुकीचे मेल सुटत आहेत. कंपनीने मग खात्यांसाठी दुहेरी पडताळणी सक्तीची करण्याचे पाऊल उचलले. पण त्या प्रकरणाचा धडा एका कंपनीपुरता नाही. सेवा निवडताना आपण नुसते यंत्र निवडत नाही, शेजार निवडतो.

शिक्का आणि मोर्तब

शिवकाळातल्या आणि पेशवाईतल्या पत्रांवर वरच्या बाजूला शिक्का असे आणि मजकूर संपला की खाली मोर्तब. शिक्का सांगे, पत्र कोणाचे. मोर्तब सांगे, मजकूर इथे संपला, याखाली कोणी काही घुसडले तर ते आमचे नव्हे. ई-मेलच्या जगाला हे शहाणपण सुचायला बराच काळ जावा लागला.

आता मेललाही अशा तीन खुणा लागतात. पहिली 'एसपीएफ'. आमच्या नावाने कोणकोणती यंत्रे मेल पाठवू शकतात, याची यादी संस्थेने आपल्या डोमेनच्या जाहीर नोंदीत लावायची. दुसरी 'डीकेआयएम'. प्रत्येक मेलवर उमटणारी संगणकीय मुद्रा. वाटेत मजकूर बदलला तर ती जुळत नाही. तिसरी 'डीमार्क'. वाचणाऱ्याला दिसणारे नाव आणि या खुणांमागचे नाव एकच आहे ना, आणि नसेल तर त्या मेलचे काय करावे, याची सूचना. ही शेवटची पद्धत २०१२ मध्ये जाहीर झाली.

बरीच वर्षे हे सगळे ऐच्छिक होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये गुगल आणि याहू यांनी जाहीर केले, की फेब्रुवारी २०२४ पासून घाऊक मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही खुणा हव्यातच. जीमेलच्या नियमात घाऊक म्हणजे दिवसाला पाच हजार मेल. शिवाय जाहिरातीच्या मेलात एका टिचकीसरशी नाव कमी करण्याची सोय हवी, आणि ते नाव दोन दिवसांत कमी झालेच पाहिजे. स्पॅमच्या तक्रारी ०.१ टक्क्याच्या आत ठेवाव्यात आणि ०.३ टक्क्याला कधीच भिडू देऊ नयेत. मायक्रोसॉफ्टनेही ५ मे २०२५ पासून आपल्या आउटलुक, हॉटमेलच्या ग्राहकांसाठी खुणांचा असाच दंडक आणला.

०.३ टक्के म्हणजे किती? हजारात तीन. घरातल्या कार्याला हजार माणसे जेवायला यावीत आणि त्यांतल्या तिघांनी 'मला इथे का बोलावलंत?' म्हणून तक्रार केली, तर पुढच्या पंगतीला दरवाजा बंद, इतका हा नियम कडक आहे.

पाच हजारांची मर्यादा आपल्याला कुठली लागू, असे लहान संस्थांना वाटेल. पण एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी निदान एक खूण गुगल सर्वांकडूनच मागते. आणि इथेच नेहमीची गफलत होते. संस्थेचे मेल बाहेरच्या सेवेवरून जातात, पण पाठवणाऱ्याच्या जागी नाव मात्र सेक्रेटरींच्या जीमेल पत्त्याचे असते. शिक्का एकाचा, मोर्तब दुसऱ्याचे! असा मेल पहारेकऱ्याला संशयास्पद वाटला, तर दोष त्याला देता येणार नाही. म्हणून कोणतीही सेवा निवडण्याआधी स्वतःच्या नावाचे डोमेन घ्यावे. त्याचा वर्षाचा खर्च साधारणपणे हॉटेलातल्या एका कौटुंबिक जेवणाहून कमी असतो. दुसरा लाभ असा, की मेलांची पत त्या नावाशी जोडली जाते. उद्या सेवा बदलली तरी नावाची पत तुमच्याबरोबर येते.

'नाही' म्हणणारी पेढी

आता मूळ प्रश्न. सेवा निवडावी कशी? बाजारात सगळेच स्वस्ताई आणि सोपेपणा यांची जाहिरात करतात. 'दोन मिनिटांत सुरुवात, लाख मेल फुकट!' वरवर पाहता उलटे वाटेल, पण इथे निकष हा, की जी सेवा तुम्हाला पहिल्या दिवशी त्रास देते, ती चांगली असण्याचा संभव जास्त.

ॲमेझॉनची एसईएस घ्या. दर हजार मेलांना डॉलरचा दहावा हिस्सा, म्हणजे भाव अगदी किरकोळ. पण नवे खाते उघडले की प्रथम ते बंदिस्त अंगणात ठेवले जाते. दिवसाला दोनशेच मेल, आणि तेही ज्यांची पडताळणी झाली आहे अशाच पत्त्यांवर. बाहेर पडायचे तर अर्ज करावा लागतो. मेल कसले पाठवणार, पत्ते कुठून आणले, नको म्हणणाऱ्यांचे काय करणार, हे सांगावे लागते. पुढेही नजर असते. परत येणाऱ्या मेलांचे प्रमाण पाच टक्क्यांवर गेले की चौकशी, दहावर गेले की पाठवणे थांबवले जाऊ शकते. तक्रारी हजारात एकापर्यंत गेल्या तरी चौकशी सुरू होऊ शकते. पोस्टमार्क नव्या खात्यांना तपासूनच परवानगी देते. मेलचिंपच्या अटींत विकत घेतलेल्या याद्यांना सक्त मनाई आहे.

ग्राहकाला हा जाच वाटतो. पण ज्या पेढीवर कोणालाही विनातारण कर्ज मिळते, त्या पेढीत आपली ठेव ठेवावी का? जी सेवा तुम्हाला प्रश्न विचारत नाही, ती तुमच्या शेजाऱ्यालाही विचारत नसते.

दुसरी गोष्ट पाहावी ती ही, की कामाचे मेल आणि प्रचाराचे मेल ती वेगळ्या वाटांनी नेते का? पावती, परवलीचा अंक, तपासणीचा अहवाल हे कामाचे मेल. माणूस त्यांची वाट बघत असतो. सवलतीची जाहिरात, मासिक वार्तापत्र, सणाच्या शुभेच्छा हे प्रचाराचे. त्यांवर तक्रारी येणारच. दोन्ही एकाच वाटेने गेले, तर दिवाळीच्या शुभेच्छांपायी रक्ताचा अहवाल अडकतो. पोस्टमार्कने या दोन प्रवाहांची फारकत हेच आपले वैशिष्ट्य केले. इतर सेवांतही निराळी उपनावे वापरून ही सोय करता येते.

तिसरी गोष्ट म्हणजे परत आलेल्या मेलांचा हिशेब. 'असा कोणी राहत नाही' असे उत्तर एकदा आले, की तो पत्ता आपोआप बाद व्हायला हवा. प्रत्येक मेलचे काय झाले, फाटकाशी काय उत्तर मिळाले, याची नोंद तुम्हाला वाचता यायला हवी. 'पाठवले' एवढाच एक हिरवा ठिपका दाखवणारी सेवा काय कामाची? अडचण आली तर उत्तर द्यायला माणूस आहे का, हेही पैसे भरण्याआधी एक पत्र लिहून अजमावून पाहावे.

चौथी गोष्ट मोहाची. 'तुमच्यासाठी स्वतंत्र आयपी पत्ता', म्हणजे मेल पाठवण्यासाठी वेगळे, फक्त तुमचे यंत्र, असे आमिष वरच्या योजनांत असते. ऐकायला छान वाटते. पण नव्या यंत्राला पत नसते. ती हळूहळू, रोज थोडे थोडे मेल पाठवून कमवावी लागते. महिन्याला दोन-चार हजार मेल पाठवणाऱ्याच्या हातून ती कमावली जात नाही. लहान संस्थेने चांगल्या शेजाऱ्यांच्या चाळीत राहावे. बंगल्याचा सोस धरू नये.

भाव पाहायचा तो सर्वांत शेवटी. हजार मेलांमागे थोड्या रुपयांचा फरक पडेल. एक हुकलेले मुलाखतपत्र त्याहून कितीतरी महाग असते.

यादी कोणाची?

एवढे करूनही एक गोष्ट कोणतीही सेवा देऊ शकत नाही. ती म्हणजे समोरच्याची इच्छा. 'पुण्यातल्या पन्नास हजार डॉक्टरांचे पत्ते' अशा याद्या विकणारे बाजारात फिरत असतात. त्यांतले कितीतरी पत्ते मेलेले असतात, आणि काही तर मुद्दाम पेरलेले सापळे असतात. कोणाही माणसाचे नसलेले ते पत्ते, स्पॅम पाठवणारा ओळखता यावा म्हणूनच ठेवलेले. त्यांवर मेल गेला, की पाठवणाऱ्याने यादी कष्टाने जमवलेली नाही हे उघड होते, आणि वर्षाची कमाई एका दिवसात जाते.

फराळ विकणाऱ्या आपल्या ताईंचे उदाहरण घेऊ. समजा, त्यांच्याकडे चारशे गिऱ्हाइकांचे पत्ते आहेत. प्रत्येकाने कधी ना कधी चकली-चिवडा मागवला आहे आणि पुढच्या दिवाळीला कळवा म्हणून सांगितले आहे. त्यांनी चांगल्या सेवेवरून, स्वतःच्या नावाच्या पत्त्यावरून, साध्या मजकुरात, खाली 'नको असल्यास इथे कळवा' असे स्पष्ट लिहून मेल पाठवला, तर तो पोचेल. त्याच ताईंनी हौसेने चाळीस हजारांची यादी विकत घेतली आणि सगळा मजकूर एका रंगीत चित्रात कोंबला, तर तो चाळीस हजारांकडे तर जाणार नाहीच, पण त्या जुन्या चारशे जणांकडेही जाईनासा होईल. यात तंत्रज्ञान कमी आणि रीतभात जास्त आहे.

फाटकाची किल्ली कोणाकडे?

या व्यवस्थेची दुसरी बाजूही सांगायला हवी. टपालखाते सरकारचे; त्याच्या कारभाराबद्दल संसदेत प्रश्न विचारता येतो. ई-मेलचे नियम मात्र आज तीन-चार परदेशी कंपन्या ठरवतात. त्यांचा चाळणीचा हिशेब गुप्त असतो, आणि तो गुप्त ठेवण्याला कारणही आहे. उघड केला तर भामटेच त्याचा पहिला फायदा घेतील. पण त्यामुळे एखाद्या प्रामाणिक लहान संस्थेचे मेल स्पॅममध्ये का पडू लागले, हे तिला कोणी सांगत नाही. दाद मागायची ती कोणाकडे? गुगलने घाऊक पाठवणाऱ्यांसाठी 'पोस्टमास्टर टूल्स' नावाची खिडकी ठेवली आहे; तिथे तक्रारींचे प्रमाण दिसते. पण पाठवणारा फारच लहान असेल तर त्या खिडकीत काही दिसतच नाही. मोठ्यांना नियम पाळणे परवडते, लहानांना नियम समजेपर्यंत दिवस जातात. आपल्या आयुष्यातला इतका पत्रव्यवहार ज्या फाटकांतून जातो, त्यांच्या किल्ल्या इतक्या थोड्या हातांत असाव्यात का, हा प्रश्न पुढच्या काळात विचारावाच लागेल.

म्हणूनच, जिथे खरोखर कोणाचे नुकसान होऊ शकते, तिथे केवळ मेलवर विसंबणे हा पाठवणाऱ्याचा बेजबाबदारपणा म्हटला पाहिजे. 'मेल केला होता' ही सबब आहे, पोच नव्हे. तपासणीत काही गंभीर निघाले असेल तर प्रयोगशाळेने फोन करावा; मुलाखतीचे पत्र धाडले तर उत्तर मागावे, आणि ते न आल्यास पुन्हा विचारावे.

आणि घेणाऱ्यांचे, म्हणजे आपले काय? आपणही या चाळणीचे कारागीर आहोत, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. हवा असलेला मेल स्पॅममध्ये सापडला, तर तो नुसता वाचून सोडू नये. 'हा स्पॅम नाही' हे बटण दाबावे. आपणच कधीकाळी मागवलेले वार्तापत्र आता नकोसे झाले, तर नाव कमी करावे. कंटाळून 'स्पॅम' म्हणू नये. ती एक टिचकी त्या संस्थेच्या हजारातल्या तिघांपैकी एक असते. खऱ्या भामट्याच्या मेलवर मात्र ते बटण अवश्य दाबावे. आणि प्रवेशाचे, नोकरीचे, इस्पितळाचे काही येणार असेल, त्या आठवड्यात स्पॅमचा कप्पा रोज एकदा उघडून पाहावा. शेजारच्या घरी चुकून टाकलेली पत्रे आपण विचारून आणत होतोच की!

मराठीत 'पोच' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक पावतीचा. दुसरा, एखाद्याला कुठे काय बोलावे हे कळत नसले की आपण म्हणतो तो, 'त्याला काही पोचच नाही.' ई-मेलच्या जगात हे दोन्ही अर्थ एक झाले आहेत. कोणाला, कधी, किती आणि त्याच्या संमतीने लिहावे, ही पोच ज्याला आहे, त्याचेच पत्र पोचते. चांगली सेवा त्याला रस्ता देते. ही समज मात्र ज्याची त्यालाच आणावी लागते.